तेव्हा कुणी पुसलं

सोलापूर,
मंगळवार, २८ जानेवारी १९७५

येशू, मरिया, योसेफ

चि. अगाथा,

आईचा आशीर्वाद. मी बरी आहे असं लिहायची पद्धत असते, पण मी बरी नाही. रविवारी मी चर्चमधली मिस्सा अर्धी टाकून घरी आले. तुझे बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मी मिस्सा चुकवली नव्हती, हे तुला ठाऊक आहे. म्हणून काय झालं ते नीट वाच.

या वेळी सव्वीस जानेवारी रविवारीच आली. दिवाळीनंतर आमच्याकडे नवीन फादर बदलून आले आहेत, वयानं तुझ्याहूनही लहान असतील. त्यांनी ठरवलं की त्या दिवशीची मिस्सा भारतीय पद्धतीनं करायची. बाकं भिंतीला लावली, सतरंज्या अंथरल्या, वेदीपुढं समई ठेवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा जन्म जमिनीवर बसण्यातच गेला. लॅटिन जाऊन मराठी आली तेव्हा आम्ही बायका मिळून जपमाळ म्हणतो त्या आमच्या माळेतली मोनिकाबाई रडली होती, मी नाही. मला उलट बरं वाटलं, की इतकी वर्षं न समजता म्हणत होतो ते आता समजून म्हणू. फादरांनी आमच्याकडं तोंड करून मिस्सा म्हणायला सुरुवात केली, तेही मला आवडलं. तेव्हा मला जुन्या वळणाची म्हणून बाजूला सारू नकोस.

दारात दोन नव्या सिस्टर ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात निरांजन, फुलं आणि कुंकू. येईल त्या बाईला ओवाळायचं आणि कपाळाला कुंकू लावायचं, असं चाललं होतं. माझ्यापुढं सिस्टर रोझीना आली. केरळची पोर आहे, मराठी अजून धड येत नाही तिला. मी म्हणाले, मला नको. तिला वाटलं मी लाजते. ती हसली, माझ्या मानेमागं हात धरला आणि लावलंच.

मी विधवा बाई, अगाथा. मागं चाळीतल्या सगळ्या बायका उभ्या. मी पदरानं पुसलं तर अर्धं पदराला लागलं आणि अर्धं कपाळभर पसरलं. तशीच आत जाऊन बसले. आरती सुरू झाली तशी उठले आणि घरी आले. ख्रिस्तप्रसाद घेतला नाही.

ज्या चर्चनं नवरा होता तेव्हा माझं कुंकू पुसायला लावलं, तेच चर्च आता नवरा गेल्यावर लावायला येतंय. याला काय म्हणायचं ते तू सांग. तू शिकलेली आहेस, सिस्टर आहेस, धर्म शिकवतेस.

तुझी आई
लुसिया


पुणे,
५ फेब्रुवारी १९७५

प्रिय आई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तुला विचारल्याशिवाय तुझ्या कपाळाला हात लावायला नको होता, हे आधी लिहिते. त्या सिस्टर नव्या आहेत, उत्साहात होत्या. त्यांना ज्यांनी कुणी शिकवलं असेल त्यांनीही इतकं बारकाईनं सांगितलं नसेल.

पण आई, बाकीचं तू शांतपणे समजून घ्यावंस असं मला वाटतं. दहा वर्षांपूर्वी रोमला बिशपांची परिषद झाली, त्यानंतर बरंच बदललं आहे. प्रत्येक देशानं आपल्या मातीतल्या चांगल्या गोष्टी उपासनेत आणाव्यात असं आता चर्चच सांगतं. आरती, समई, फुलं ही काही कुणा एका धर्माची मालमत्ता नाही. जुने परदेशी फादर चांगले होते, पण त्यांना आपला देश ठाऊक नव्हता. कुंकू म्हणजे मूर्तिपूजा असं त्यांना वाटलं. ती त्यांची समजूत होती. त्या काळात तसंच होतं.

तेव्हा चूक झाली असेल तर ती आता दुरुस्त होते आहे, असं पाहा ना. तुला लावायचं नसेल तर लावू नकोस, पण त्यासाठी मिस्सा सोडू नकोस. उपवासकाळ जवळ आला आहे. तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी नक्की जा.

गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर कळव.

तुझी
अगाथा


सोलापूर,
गुरुवार, २० फेब्रुवारी १९७५

येशू, मरिया, योसेफ

चि. अगाथा,

राखेच्या बुधवारी मी गेले नाही. मोनिकाबाई आणि माळेतल्या आणखी तिघीही गेल्या नाहीत. मी त्यांना अडवलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझ्याच खोलीत आम्ही माळ म्हटली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर रोझीना घरी आली. बिचारी माफी मागायला आली होती, डोळे भरून आले होते तिचे. कुणीतरी तिला सांगितलं असणार की आमच्याकडं विधवेला कुंकू लावत नाहीत. मी तिला चहा दिला. तिचा राग नव्हताच मला. जाताना ती म्हणाली, "आम्हाला पुण्याला सिस्टर अगाथांनीच शिकवलं. आरती कशी धरायची, कुंकू कसं लावायचं. तुम्ही त्यांची आई, म्हणून मला वाटलं तुम्हाला आनंद होईल."

तू मला लिहिलंस, त्यांना ज्यांनी कुणी शिकवलं असेल. माझ्या पोटची पोर, देवाला दिलेली, आणि आईला असं आडून लिहितेस.

आता मी सांगते ते ऐक. हे मी तुझ्या बाबांशीसुद्धा कधी बोलले नाही, कारण त्यांना ते ठाऊकच होतं आणि बोलून उपयोग नव्हता.

माझं लग्न झालं तेव्हा माझं नाव महादेवी होतं आणि तुझे बाबाही हिंदूच होते. पुढं तुझ्या आजोबांनी सगळं घर फादरांच्या हाती दिलं. मला कुणी विचारलं नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी मिशनच्या शाळेतल्या मास्तरांच्या बायकोनं ओलं फडकं आणलं आणि माझं कपाळ पुसलं. चांगलं खरडून पुसलं, डाग राहू नये म्हणून. मग मी लुसिया झाले. पुढं मी मनानंही खरी ख्रिस्ती झाले, ते वेगळं. देवमातेनं मला धरून ठेवलं, ते मी कुणाला नाकारू देणार नाही.

तुझ्या वेळी सातव्या महिन्यात मला मंद्रूपला माहेरी बोलावलं. जाण्याआधी फादरांनी बजावलं होतं, की तिथं कुणाच्या हातचं कुंकू लावून घेतलंस तर ते पाप, मग तुला ख्रिस्तप्रसाद नाही. मी एकोणीस वर्षांची, पोटात मूल, मला फार भीती वाटली. घरात पंचवीस-तीस बायका जमलेल्या. माझी आई बाळाबाई ओटी घेऊन पुढं आली, अंगठ्याला कुंकू घेतलं, आणि मी मान मागं घेतली. सगळ्यांच्या देखत. आईचा हात तसाच राहिला. मग तिनं अंगठा स्वतःच्या पदराला पुसला आणि ती आत गेली. माझी धाकटी बहीण शिवबाई पुढं आली. ती म्हणाली, पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नकोस.

तू रांगत होतीस तेव्हा आई वारली. मला कुणी कळवलं नाही. तुझ्या बाबांच्या गिरणीत मंद्रूपचा एक माणूस होता, त्याच्याकडून दिवस होऊन गेल्यावर कळलं.

हे सगळं तुझ्या दोन ओळींत बसलं, की ती त्यांची समजूत होती, त्या काळात तसंच होतं. तुम्ही सिस्टर लोकांनी मठात गेल्यावर मिळालेली नावं टाकून तुमची जुनी नावं परत घेतली. तुला बाबांनी ठेवलेलं नाव परत मिळालं. मला कुणी विचारलं का, लुसियाबाई, तुमचं काय काय घेतलं होतं आम्ही?

माझं एकच मागणं आहे. तू ये आणि माझ्याबरोबर मंद्रूपला चल. चर्चची म्हणून चल. शिवबाईला सांग, की हिनं आपल्या मनानं मान मागं घेतली नव्हती. हिला तसं करायला लावलं होतं, आणि ते चुकीचं होतं. मी सांगितलं तर ती म्हणेल आता सोयीचं बोलतेस. तू सांगितलंस तर ऐकेल.

आई


पुणे,
१ मार्च १९७५

प्रिय आई,

मी आडून लिहिलं हे खरं आहे. मला तुझ्या रागाची भीती वाटली. पण आता तूही माझं ऐकून घे.

मी चार-पाच वर्षांची असताना चाळीतली मुलं मला विचारायची, तुझा बाप मेलाय का. तुझ्या कपाळाकडं बघून विचारायची. मी सांगायचे की बाबा गिरणीत आहेत, तर ती हसायची. एकदा मी शाळेतल्या लाल खडूनं तुझ्या कपाळाला टिकली लावायला आले होते आणि तू माझा हात झटकलास. तुला आठवत नसेल. ते मला लहानपणापासून टोचत आलं आहे. परिषदेनंतर पुण्यात आपल्या रीती उपासनेत आणायचं हे काम सुरू झालं तेव्हा मी आपण होऊन मागून घेतलं, ते तुझ्यासाठी. तुझं हिरावून घेतलेलं तुला परत मिळावं म्हणून. आणि तूच ते फेकून देतेस.

विधवेनं कुंकू लावू नये, हा तरी कुठला ख्रिस्ती नियम? ज्या रूढीनं बाईचं कपाळ नवऱ्याच्या जिवाशी बांधलं तिला तू एवढी का धरून बसतेस? मला त्याचाही राग येतो.

मंद्रूपला येणं मला शक्य नाही. हा माझा कामाचा काळ आहे. शिवाय मी तिथं चर्चच्या वतीनं काय बोलणार? मी एक साधी सिस्टर. गेलेल्या फादरांच्या नावानं माफी मागायचा अधिकार मला कुणी दिला? ते त्यांना उमगलं तसं वागले. आपण पुढं जायचं असतं, आई.

तू मिस्सेला जावंस ही माझी विनंती आहे.

अगाथा


पुणे,
१६ मार्च १९७५

प्रिय आई,

माझ्या पत्राला तुझं उत्तर नाही. आमच्या मदर सुपीरियरकडं सोलापूरहून निरोप आला, की तू आणि माळेतल्या बायका अजून चर्चमध्ये येत नाही, आणि तू कुठंतरी गावाला गेली आहेस. मदरनी मला बोलावून विचारलं, की तुम्ही देशभर शिकवणार आणि तुमची आई घरी बसणार, हे कसं काय?

तू कुठं आहेस? तब्येत बरी आहे ना? दोन ओळी टाक.

अगाथा


सोलापूर,
सोमवार, २४ मार्च १९७५

येशू, मरिया, योसेफ

चि. अगाथा,

तुझं आधीचं पत्र मिळालं होतं, दुसरं घरी परतल्यावर वाचलं. मी मंद्रूपला होते. तू येत नाहीस म्हटल्यावर एकटीच गेले. एस.टी.नं जाऊन-येऊन एका दिवसाचं काम, पण मला पस्तीस वर्षं लागली.

शिवबाई अंगणात बसून तूर पाखडत होती. केस सगळे पिकलेत. तिनं वर बघितलं आणि ओळखलं, पण सूप थांबवलं नाही. ये म्हणाली नाही आणि जा पण म्हणाली नाही. मी तिथंच बाहेर दगडावर बसले आणि सगळं सांगितलं. फादरांनी काय बजावलं होतं ते, मी का घाबरले ते, आणि आता त्याच चर्चमध्ये कुंकवाचं ताट फिरतं तेही.

तिनं सूप खाली ठेवलं. "म्हंजी तवा त्ये पाप न्हवतंच?"

मी म्हणाले, नव्हतं असं आता म्हणतात.

मग तिनं मला सांगितलं. मला वाटत होतं आई माझ्यावर रागावून गेली. तसं नव्हतं. आई समजत होती, की लेकीला आपला हात बाटलेला वाटला. पार शेवटपर्यंत ती स्वतःचा अंगठा बघायची आणि शिवबाईला विचारायची, "माज्या हाताचं तिला काय झालं गं?"

अगाथा, हे ऐकून मी तिथं काय केलं ते मी लिहीत नाही.

शिवबाईनं मला घरात नेलं. मी आठ-दहा दिवस राहिले. तिच्या सुनेनं विचारलं कोण पाहुण्या, तर ती म्हणाली, माझी थोरली बहीण महादेवी. माझ्यावरचा तिचा राग गेला, पण गेला म्हणजे दुसरीकडं वळला. रोज जेवताना म्हणायची, मला त्या फादरकडं घेऊन चल. मी म्हटलं, हे फादर नवीन आहेत, यांचा काही दोष नाही. ती म्हणाली, दोषाचं मी बघते.

काल ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार होता. मिस्सा संपल्यावर आम्ही दोघी गेलो. शिवबाई पायरीशी थांबली, मला आत चालतं का म्हणून तिनं विचारलं. फादर स्वतः बाहेर आले आणि या मावशी म्हणाले. बायका झावळ्या घेऊन उभ्याच होत्या, त्या पांगल्या नाहीत.

शिवबाईनं विचारलं, तुमीच का कुंकू लावायचं काढलं? फादर हो म्हणाले, आणि मग त्यांनी तिला छान समजावून सांगितलं. मातीतली श्रद्धा, आपली संस्कृती. अगदी तुझ्या पत्रातलेच शब्द. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "आता लावताय त्ये कळलं. तवा कुणी पुसलं?"

फादर म्हणाले, ते फार वर्षांपूर्वीचं आहे, मावशी, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

"आता तर हायसा की."

फादर म्हणाले, मी बिशपांना पत्र लिहीन. ती म्हणाली, आमाला कागूद नगं. मग ते तिथंच पायरीवर बसले, शिवबाईच्याही खालच्या पायरीवर, आणि मला म्हणाले, लुसियाबाई, काय झालं होतं ते मला सांगा. मी सांगितलं. एवढ्या बायकांपुढं सांगितलं. मोनिकाबाई मधेच म्हणाली, माझ्या तर बांगड्याही काढल्या होत्या. दुसरी म्हणाली, मला भावाच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं. अशा एकेक बोलायला लागल्या. एका चाळीत इतकी वर्षं राहून आम्ही एकमेकींना हे कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीचंच गेलं.

फादर पोरसवदा आहेत, पण मान खाली घालून शेवटपर्यंत बसले. मग उठून त्यांनी शिवबाईला हात जोडले. "चुकलं आमचं. चर्चचं चुकलं."

शिवबाई म्हणाली, "मला सांगून काय. जिला सांगायचं ती गेली."

यावर त्यांनी समजूत घातली नाही, देव बघतो आहे असंही म्हणाले नाहीत. एवढ्यासाठी मी त्यांना मानते.

दारातलं ताट बंद करतो असं ते नंतर मला म्हणाले. मी म्हटलं, बंद कशाला करता? ज्या पोरींना हवं त्यांना लावा. मला लावू नका. आणि अगाथा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच. विधवेनं लावू नये असा नियम नसेल. कदाचित तुझंच बरोबर असेल. पण लावायचं तेव्हा लावू दिलं नाही, आणि आता लावलं नाही तर मी मागासलेली. माझ्या कपाळाबद्दल पहिल्यांदा फादरांनी ठरवलं, नंतर तू ठरवलंस. मी कधी ठरवायचं?

खडूचं मला आठवतं. मी तुझा हात झटकला आणि मोरीत जाऊन रडले. तू बाहेर रडत होतीस.

शिवबाई काल राहिली आणि आज सकाळच्या गाडीनं गेली. मी ईस्टरला चर्चमध्ये जाणार आहे. माझा देव मी कुणाच्या चुकीपायी सोडणार नाही. त्याआधी पापनिवेदनाला बसेन आणि सांगेन, की माझ्या मनात राग आहे. फादर म्हणाले की राग पाप आहे, तर म्हणेन असू दे, हा मी सोडणार नाही.

आई


पुणे,
बुधवार, २६ मार्च १९७५

प्रिय आई,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मी वर्ग घेत होते, पंधरा तरुण सिस्टर समोर होत्या. पत्र वाचून परत वर्गात गेले आणि त्यांना विचारलं, एखाद्या बाईनं मान मागं घेतली तर तुम्ही काय कराल? एक जण म्हणाली, आम्ही तिला नीट समजावून सांगू. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते मीच शिकवलेलं उत्तर होतं. ते ऐकताना मला स्वतःची इतकी चीड आली की वर्ग तिथंच थांबवला.

मदरना भेटून मी पवित्र आठवड्याच्या कामातून सुटी मागितली. त्या नाराज झाल्या. या दिवसांत कुणी अशी सुटी मागत नाही, म्हणाल्या. मी त्यांना तुझी हकीकत सांगितली. त्यांनीही तेच वाक्य म्हटलं, त्या काळात तसंच होतं. मी म्हणाले, मदर, हे वाक्य मी माझ्या आईला लिहिलं होतं आणि मला त्याची लाज वाटते. मग त्यांनी सुटी दिली.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, शनिवारी सकाळी पोचेन. ईस्टरनंतर तू नेशील तर मावशीकडं येईन. या वेळी समजावून सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, आई. नुसती येते.

तुझी
अगाथा